पाचोळ्याचं पांघरूण

माणसं परसात खत करायला शिकली, तेव्हाची ही गोष्ट. एका घरामागच्या खतखड्ड्यात शेणाच्या गोळ्याबरोबर रेवा गांडुळीण नवी नांदायला आली. तिथला कारभार वाणीबाईंकडे होता. हात लावला की ज्याचं वेटोळं होतं ना, तो काळा वाणी किडा. रेवा त्यांना सासूच मानी.

उन्हाळ्यात खड्ड्यातल्या उघड्या सालींवर चिलटं जमली आणि घरातल्या ताटांवरही बसू लागली. घरधनीण वैतागली. "उद्या औषधच मारते!" त्या औषधानं सगळा खड्डाच मेला असता.

"साली पाचोळ्यानं झाकल्या की चिलटं जातात," रेवा हळूच म्हणाली. "आमच्या गोठ्यामागे तसंच करायचे."

"आलं माहेर!" वाणीबाई फणकारल्या. "आणि काठावरचा पाचोळा आत ओढणार कोण? कोंबडी?"

खड्ड्यातले सगळे किडे हसले. रेवाला मात्र ते पटलं. कोंबडी उकरते तेव्हा सगळं मागे उडवते, हे तिनं पाहिलं होतं.

संध्याकाळी ती काठावरच्या पाचोळ्यात शिरून वळवळली. कोंबडी धावत आली आणि खड्ड्याकडे पाठ करून उकरू लागली. पाचोळा भराभर आत पडला, साली झाकल्या गेल्या. शेवटी रेवा उघडी पडली. चोच खाली आली, तोच मागोमाग आलेल्या वाणीबाईंनी रेवाभोवती वेटोळं घातलं.

वाणीबाईंच्या अंगचा रस चोचीत जाताच "शी, कडूजहर!" म्हणत कोंबडी निघून गेली.

सकाळी घरधनीण औषध घेऊन आली, तर चिलटं कुठे दिसेनात. ती तशीच परतली.

वाणीबाईंचे दोन पाय मात्र गेले होते. रेवाला रडू आवरेना.

"रडतेस कशाला?" त्या म्हणाल्या. "पाय मला पुष्कळ आहेत. सून एकच आहे."