घोटापाणी

त्या राज्यात चांगले गवत, फळझाडे आणि मोकळी जमीन तळ्याच्या पलीकडे होती, आणि जन्म मात्र जवळजवळ सगळ्यांचा अलीकडे होई. त्यामुळे वयात आलेल्या प्रत्येकाला एकदा ते तळे पोहून जावे लागे. जे पोचत ते तिकडचे होऊन जात. जे पोचत नसत ते अलीकडच्या खुरट्या गवतावर जमेल तसे दिवस काढत.

तळ्याचा घाट बगळ्यांच्या ताब्यात होता. फार पूर्वी एक कोकरू घाईघाईने पाण्यात उतरले आणि बुडाले. बगळ्यांना त्याचे खरोखर वाईट वाटले. पुन्हा असे होऊ नये म्हणून त्यांनी घाटावर परीक्षा सुरू केली. हेतू चांगला होता, आणि हेतू चांगला असल्यामुळेच पुढे त्या परीक्षेकडे कुणी पुन्हा निरखून पाहिले नाही.

घाटाच्या सगळ्यांत वरच्या, कोरड्या पायरीवर पोटावर पडायचे आणि पोहताना पाय जसे हलवतात तसे हलवून दाखवायचे, अशी ती परीक्षा होती. कोणता पाय आधी, कोणता नंतर, किती वाकवायचा, हे बगळ्यांनी ठरवून दिलेले होते. क्रम चुकला की परीक्षा संपली. पास होणाऱ्याला खोल घाटावरून तळ्यात सोडत. नापास होणाऱ्यासाठी तळ्याच्या कडेला बांध घालून डबकी केलेली होती. पहिल्यात पाणी घोट्याइतके, म्हणून त्याला घोटापाणी म्हणत; दुसऱ्यात गुडघ्याइतके, तिसऱ्यात कमरेइतके. प्रत्येक डबक्यात एक हंगाम काढायचा, पुन्हा पायरीवर परीक्षा द्यायची, आणि ती जमली तरच पुढच्या डबक्यात जायचे, नाहीतर पुन्हा त्याच.

घाटालगत राहणाऱ्या शेळ्या आपल्या करडांकडून हा क्रम घरच्या ओट्यावर महिनोन्महिने घोटवून घेत. ती करडे पास होत, डौलात तळ्यात उतरत, आणि त्यांतली काही थोड्याच अंतरावर गटांगळ्या खात. त्यांना ओढून बाहेर काढावे लागे. ती त्या दिवशी दमलेली होती, असे बगळे सांगत.

एका वर्षी उदी नावाची तरुण पाणमांजर घाटावर आली. ती डोंगरातल्या ओढ्यावर वाढलेली होती. चालण्याआधी ती पोहायला शिकली होती आणि आईबरोबर रोज डोहात बुडी मारून मासे धरत होती. पण त्या उन्हाळ्यात ओढा आटला. माळरान तुडवत, पायांना भेगा पडलेल्या अवस्थेत ती घाटावर पोचली. कित्येक दिवसांत तिच्या अंगाला पाणी लागले नव्हते.

बगळ्यांचे प्रमुख असलेल्या थोरल्या बगळ्यांनी तिला पायरीवर आडवे व्हायला सांगितले. पायरी तापलेली होती. उदीने पोट टेकले, पाय हलवले, आणि ती घसरली. पाण्यात शरीर स्वतःच्या मनाने वळत असे. दगडावर ते वळेना. आधी उजवा की आधी डावा, हा विचार तिने जन्मात केला नव्हता.

"साहेब, मी पाण्यात दाखवू का?" तिने विचारले.

"पाण्यात जाण्याची तुझी लायकी आहे की नाही, तेच तर बघायचंय," थोरले बगळे म्हणाले. "त्याआधी तुला पाण्यात कसं सोडणार?"

"पण पाण्यात गेल्याशिवाय ते कसं कळेल?"

"म्हणूनच ही पायरी आहे," ते शांतपणे म्हणाले, आणि पुढच्याला बोलावले.

उदीची रवानगी घोटापाण्यात झाली.

घोटापाण्यात पोहणे शक्यच नव्हते. उदीचे पोट चिखलाला टेकायचे आणि पाठ उन्हात भाजायची. तिथे जिवाबाई नावाच्या कासवीण शिकवत. त्या मायाळू होत्या आणि नेमून दिलेले सगळे मनापासून शिकवत: पाणी म्हणजे काय, पाण्याचे प्रकार, पाय उचलावा कसा, ठेवावा कसा. सगळे विद्यार्थी एका ओळीत उभे राहून चिखलात पाय उचलत आणि ठेवत. हंगाम संपेपर्यंत ते फार चांगले चालू लागत.

उदीच्या शेजारी भादवी नावाची म्हशीची पारडी उभी असायची. ती तिथे दुसऱ्यांदा बसली होती. पहिल्या वेळी तिचा मागचा एकच पाय क्रमाला चुकला होता. भादवी अंगाने दांडगी आणि स्वभावाने भित्री होती. चूक झाली की ती मान खाली घालून कितीतरी वेळ उभी राहायची.

"तू पोहली आहेस का कधी?" उदीने एकदा तिला विचारले.

"लहानपणी आईबरोबर नदीत डुंबायचे," भादवी म्हणाली. "पण ते पोहणं नसणार. तेव्हा मला क्रम कुठे माहीत होता."

उदीला हसू आले. पण काही आठवड्यांनी तिलाही तसेच वाटू लागले. आपण डोहात बुडी मारत होतो, खालच्या गार अंधारातून वर येत होतो, हे तिला कुणी दुसऱ्याने सांगितल्यासारखे वाटे. हंगामाच्या शेवटी तिने पायरीवर पुन्हा परीक्षा दिली. आता तिला पाय उचलून ठेवायची सवय लागली होती, त्यामुळे ती पहिल्यापेक्षाही वाईट घसरली. घोटापाणी पुन्हा.

भादवीही नापास झाली. मात्र ती डबक्यात परतली नाही. बगळ्यांना नवीन डबकी खणायची होती, कारण नापासांची संख्या वाढत चालली होती. खणायला आणि माती वाहायला ते डबकी सोडून जाणाऱ्यांनाच कामाला लावत. भादवी पाठीवर ओली माती वाहू लागली. उदी बांधावरून तिला हाक मारायची तेव्हा ती थांबायची, पण वर बघायची नाही.

"परत ये ना," उदी म्हणाली.

"कशाला? हे काम मला येतं," भादवी म्हणाली. "इथे कुणी मला नापास करत नाही."

उदीला त्या दिवशी काही खावेसे वाटले नाही. संध्याकाळी ती बांधावर एकटीच बसली होती. बांधाला एके ठिकाणी रुंद फट पडून तळ्याचे पाणी आत येत होते. त्या फटीतून एक मासा डोकावला आणि वळून पळाला. उदीने विचार केला नाही. ती त्याच्यामागे फटीतून गेली, आणि तळ्याच्या खोल पाण्यात शिरली.

शरीराला सगळे आठवत होते. शेपटी वळली, पाठ वाकली, मासा तोंडात आला. ती आणखी खाली गेली, तळाच्या गवताला नाक लावून वर आली आणि उताणी होऊन पाण्यावर पडून राहिली. तिला रडू येत होते, आणि राग येत होता. कुणाचा, ते तिला नेमके सांगता आले नसते. बऱ्याच वेळाने ती परत फिरली तेव्हा बांधावर जिवाबाई उभ्या होत्या.

परवानगीवाचून तळ्यात उतरणाऱ्याला पुन्हा कधीच पायरीवर घेत नसत. उदीने माशासकट मान खाली घातली.

"बाई, चुकले," ती म्हणाली.

जिवाबाईंनी तिच्याकडे मान वळवली नाही. त्या पाण्याकडे बघत होत्या. इतकी वर्षे त्या डबक्यात शिकवत होत्या, आणि आपले बहुतेक विद्यार्थी पलीकडे का पोचत नाहीत, याचे उत्तर त्यांनी स्वतःला कधीच देऊन टाकले होते: ती मुले मुळातच कच्ची असतात. ते उत्तर आता त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्या थोरल्या बगळ्यांकडे गेल्या.

"साहेब, उदी पोहते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"कुठे?"

"तळ्यात."

"म्हणजे परवानगी न घेता."

"माशाच्या नादात गेली. पण पोहली, साहेब. खोल घाटावरच्या कुठल्याही करडापेक्षा चांगली पोहली."

थोरल्या बगळ्यांनी पिसांवरून चोच फिरवली. ते चिडले नव्हते. समजूत घालत होते. "बाई, तळ्यात पोहून दाखवलं म्हणजे पोहता येतं, असं आपणच म्हणायला लागलो, तर पायरीला काय अर्थ राहिला?"

"तोच मी तुम्हाला विचारायला आले आहे," जिवाबाई म्हणाल्या.

"पायरी सगळ्यांना सारखी आहे. म्हणून ती न्याय्य आहे. तुम्ही दमला आहात. काही दिवस विश्रांती घ्या."

जिवाबाई परत आल्या. त्यांनी विश्रांती घेतली नाही. सकाळी विद्यार्थी ओळीत उभे राहिले तेव्हा त्या ओळीसमोरून निघून थेट खणतीवर गेल्या आणि भादवीसमोर उभ्या राहिल्या.

"माती खाली ठेव," त्या म्हणाल्या. "पोहायला जायचंय."

"मला येत नाही, बाई."

"मीही असंच समजत होते. चल."

त्यांनी सगळ्यांना बांधाच्या फटीपाशी नेले. बगळे त्या वेळी सभेत होते. वर्षभराच्या नापासांसाठी आणखी किती डबकी लागतील, यावर चर्चा चालू होती. जिवाबाई प्रथम स्वतः पाण्यात उतरल्या आणि वळल्या.

"पाय कोणता आधी ते विसरा," त्या म्हणाल्या. "मी बाजूने पोहते आहे. दम लागला तर माझ्या पाठीवर टेका, थोडं थांबा, पुढे चला. टेकलं म्हणून कुणी नापास होत नाही."

"आणि मी खालून आहे," उदी म्हणाली.

ते निघाले. ते दृश्य देखणे नव्हते. पाणी उडत होते, नाकातोंडात जात होते, कुणी एकाच जागी गोल फिरत होते. सशाचे एक पोर किनाऱ्यावरून निघालेच नाही. ते थरथरत बसून राहिले, आणि उद्या परत येते तुझ्यासाठी, असे जिवाबाईंनी त्याला सांगितले. बाकीचे कसेबसे पुढे सरकत होते. थकलेला जिवाबाईंच्या पाठीला टेकत होता आणि श्वास आला की सुटत होता.

तळ्याच्या मध्यावर भादवी थांबली. पायाखाली जमीन नाही, हे तिच्या एकदम लक्षात आले. तिने पाय उचलून ठेवायला सुरुवात केली, डबक्यात शिकवल्याप्रमाणे, क्रमाने, एकही चूक न करता, आणि ती बुडू लागली. जिवाबाई दूर होत्या. उदीने बुडी मारली आणि खालून भादवीच्या हनुवटीला डोके लावले.

"चालू नकोस," उदी वर येऊन तिच्या कानाशी म्हणाली. "भादवी, तू चालते आहेस. नदीत काय करायचीस?"

"काहीच नाही करायचे," भादवी धापा टाकत म्हणाली. "नुसती पडून राहायचे."

"मग पड."

भादवीने पाय सैल सोडले. तिचे मोठे, काळे अंग हळूहळू वर आले आणि पाण्यावर तरंगू लागले. ती बराच वेळ तशीच राहिली, फक्त नाक आणि शिंगे वर. मग तिने मागचे पाय एकदा झटकले, जसे तिला वाटले तसे, आणि ती पुढे गेली. तिने पुन्हा झटकले. किनाऱ्याला लागेपर्यंत ती कुणालाही टेकली नाही. गवतात चढून गेल्यावर ती वळली आणि तळ्याकडे बघत राहिली. उदी तिच्या पायाशी येऊन पडली. भादवीने खाली वाकून तिचे ओले डोके चाटले.

जिवाबाई त्याच दिवशी परत अलीकडे आल्या, कारण सशाचे पोर वाट बघत होते. त्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठीला टेकवत टेकवत नेले. तिसऱ्या फेरीआधी बगळ्यांनी त्यांना घाटावरून काढून टाकले.

मग बगळ्यांची मोठी सभा झाली. नापास विद्यार्थी पलीकडे पोचले होते, हे नाकारण्यासारखे नव्हते. त्यांचे हंबरणे आणि शिट्ट्या अलीकडे ऐकू येत होत्या. काही तरुण बगळे अस्वस्थ होते. एकाने विचारले, की आपली परीक्षा नेमके काय तपासते? मग थोरले बगळे उठले.

"हे सगळे घोटापाण्यातून गेलेले विद्यार्थी होते," ते म्हणाले. "आणि ते पोचले. याचा अर्थ घोटापाण्याचा उपयोग होतो. पाया पक्का झाला की पुढचं आपोआप येतं. माझं तर मत आहे, की पाया याहूनही खालून घालायला हवा."

सगळ्यांना ते पटले. प्रश्न विचारणाऱ्यालाही हळूहळू पटले. घोटापाण्याच्या आधीचे म्हणून आणखी एक डबके खणायचे ठरले आणि पुढच्या हंगामापर्यंत ते खणून झाले. त्यात पाणी सोडायचे नव्हते.

हंगामाच्या पहिल्या सकाळी घाटावर रांग लागली. रांगेत सगळ्यांत पुढे बदकाचे एक पिल्लू होते. ते तळ्याच्या मधल्या बेटावर जन्मलेले होते, आणि बेटावरून घाटावर यायला पाण्याखेरीज दुसरा रस्ता नव्हता. परीक्षा चुकू नये म्हणून ते पहाटेच निघाले होते. त्याच्या पिसांतून पाणी निथळत होते आणि पायरीवर त्याच्या पायांभोवती एक लहानसे थारोळे साचले होते.

थोरल्या बगळ्यांनी ते थारोळे पाहिले आणि नापसंतीने मान हलवली. पायरी कोरडी असली पाहिजे, असे ते म्हणाले. मग त्यांनी पिल्लाला बाजूला उन्हात उभे केले, आणि ते पुरते वाळेपर्यंत परीक्षा थांबवून ठेवली.