थांबायचे दगड

खूप पूर्वी, कावळेसुद्धा रांग लावून पाणी प्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. हसू नका. रांग मोडणाऱ्याला बाकीचे चोच मारायचे, इतकी शिस्त होती.

डोहाकाठी एक गाव होतं. तिथे परड्या विणणारी एक बाई राहायची. जन्माची आंधळी, पण बोटं अशी, की वारा हाती लागता तर तिने त्याचीही टोपली विणली असती. बांबूच्या कामट्या भिजवायला रोज डोहावर जावं लागे. तेवढ्यासाठी ती भावजयीचा हात धरायची आणि बोलणी खायची.

"तुमच्या पायी माझी भाकरी करपली, वन्सं!"

शेजारच्या म्हाताऱ्या पाथरवटाला हे रोज ऐकवेना. त्याने तिच्या दारापासून डोहापर्यंत दगड बसवले. सगळ्या दगडांवर उभ्या रेघा. काठाजवळच्या तीन दगडांवर मात्र मक्याच्या दाण्यांसारखे उंचवटे.

"आक्का, अनवाणी चाल," तो म्हणाला. "रेघा लागल्या की चालत राहायचं. दाणे लागले की थांबायचं. पुढे पाणी आहे."

त्या दिवशी ती सात वेळा डोहावर जाऊन आली. कामट्या एकदाच न्यायच्या होत्या.

हळूहळू तिने पावलं मोजणं सोडलं. काठी चुलीत घातली. वाटेने गाणी म्हणू लागली, आणि गाणी ऐकून भावजयही तिच्याशी गोड बोलू लागली.

एके दिवशी दवंडी पिटली, उद्या राजा येणार. चावडीपुढची फरशी फुटलेली होती. पाथरवट लेकीच्या गावी गेलेला. पाटलाने गावभर नजर फिरवली. डोहाकाठच्या दाण्यांच्या दगडांइतके देखणे दगड दुसरीकडे कुठे होते?

"ते काढून इथे बसवा," पाटील गड्याला म्हणाला. "पाथरवटाच्या अंगणात रेघांचे उरलेत, ते तिथे टाका. खड्डा दिसायला नको."

गडी घुटमळला. "पाटील, आक्काला सांगायला नको?"

"अरे, डोह काय आजचा आहे? सगळ्या गावाला दिसतो! आणि तिची तर रोजची वाट. झोपेतसुद्धा चालेल."

गड्याने पहार उचलली. काम इतकं सुबक झालं, की जोड कुठे आहे ते सांगता येऊ नये.

सकाळी ती कामट्यांचा भारा घेऊन निघाली. राजावर उधळायच्या फुलांसाठी तिला अजून परड्या विणायच्या होत्या. वेशीवर ढोल वाजत होते. पाण्याचा आवाज त्यात बुडून गेला.

पायाला रेघा लागल्या. ती चालत राहिली.

गाव वेशीवर होतं. डोहावर नुसत्या कामट्या तरंगल्या.

राजा आला. चावडीपुढे गालिचा अंथरला होता आणि राजाच्या पायात जाड मोजड्या होत्या. खाली दाणे आहेत की रेघा, त्याला कळलंही नाही.

पाथरवट परतला. त्याने ते तीन दगड चावडीपुढून उपटून पुन्हा काठाजवळ बसवले. गावात आणखी एक आंधळे आजोबा होते. पाथरवट त्यांना हाताला धरून वाटेवर आणू लागला, तर आजोबांनी हात सोडवून घेतला.

"दगड तुझे चांगलेच आहेत रे," ते म्हणाले. "पण रात्रीतून कोणी बदलले, तर मला कोण सांगणार?"

आजोबा उंबऱ्याबाहेर पडले नाहीत, ते मरेपर्यंत. त्या वाटेवर गवत उगवलं.

दुसरा ज्या वाटेच्या भरवशावर चालतो, तिचा एक दगडही त्याला विचारल्याशिवाय हलवू नये.