धाकट्याची दोन वाक्यं

खाडीकाठच्या एका गावात एक शिंपी राहत होता. एरवी तो लोकांचे कपडे शिवायचा आणि वर्षातून एकदा गावासाठी नाटक लिहायचा. कपड्यांत त्याचं माप कधी चुकलं नाही. नाटकात मात्र एकदा चुकलं, त्याचीच ही गोष्ट.

त्या गावाची रीत अशी, की ईस्टरच्या सणाला चर्चच्या अंगणात बायबलातली एखादी कथा नाटक करून दाखवायची. कथा जुनी, शब्द दरवर्षी नवे. नाटक लिहून झालं की सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या आणि ज्याला जे सोंग येईल ते त्याने मुकाट्याने घ्यायचं. लिहिणाऱ्याचीही चिठ्ठी मडक्यात असे. कुणाला डोळ्यांसमोर ठेवून कुणी लिहू नये, हा जुन्या माणसांचा शहाणपणा. शिंप्याला आजवर गर्दीतला माणूस, मेंढपाळ आणि एकदा तर उंटाचे मागचे पाय, असलीच सोंगं आली होती. आपलीही चिठ्ठी असते हे तो विसरूनच गेला होता.

ह्या शिंप्याला एक धाकटा भाऊ होता, खलाशी. नऊ वर्षांपूर्वी वडिलांची होडी घेऊन तो जो गेला, तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. वडील त्याची वाट पाहतच वारले. आणि यंदा थंडीत तो परत आला, होडी गमावून, नेसत्या कपड्यांनिशी. शिंप्याने त्याला दार उघडलं नाही. बिचारा धक्क्यावरच्या मोडक्या खोपटात राहू लागला. आई पदराखाली झाकून त्याला भात नेऊन द्यायची आणि डोळे पुसत परतायची.

एक दिवस खलाशी आईला म्हणाला, "सणापर्यंत वाट बघतो, आई. तोवर दादाने घरात घेतलं नाही, तर जातो. पुन्हा नाही यायचा."

आईने हे शिंप्याच्या कानावर घातलं. "जाऊ दे," शिंपी म्हणाला. "जायची सवयच आहे त्याला." आणि नाटक लिहायला बसला.

यंदा त्याने उधळ्या मुलाची कथा घेतली होती. धाकटा मुलगा घर सोडून जातो आणि सगळं उधळून हात हलवत परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, नवा झगा घालतो, मेजवानी करतो. थोरला मात्र रागावून दाराबाहेर उभा राहतो. शिंप्याने थोरल्याला तीन पानांचं भाषण दिलं. म्हणणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी असं. धाकट्याला दिली दोनच वाक्यं: "मी चुकलो" आणि "मला चाकर म्हणून ठेवा." थोरल्याला अंगभर कापड आणि धाकट्याला चिंधी!

फादरांनी वाचून विचारलं, "शेवटी थोरला आत जातो की नाही?"

"ते बायबलात लिहिलेलं नाही," शिंपी म्हणाला. "माझ्या नाटकात तो जात नाही."

"लिहिलेलं नाही खरं," फादर हसले. "का नसेल, ते बघ एकदा."

चिठ्ठ्या निघाल्या. बापाचं सोंग घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला आलं. थोरल्याचं आलं खलाशाला, कारण आईने नऊ वर्षांनी त्याचंही नाव मडक्यात टाकलं होतं. आणि धाकट्याचं सोंग आलं खुद्द शिंप्याला! अंगणात खसखस पिकली. शिंप्याने खूप कुरकुर केली, पण रीत ती रीत. करावे तसे भरावे, दुसरं काय!

सणाच्या दिवशी उन्हं कलल्यावर नाटक सुरू झालं. फाटक्या कपड्यांतला शिंपी बांबूच्या खोट्या दारापुढे गुडघ्यांवर बसला आणि दोन वाक्यं म्हणून मोकळा झाला. मग खलाशी थोरला होऊन पुढे आला.

"तू गेलास आणि बाबा रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊ लागले," तो म्हणाला. "मी त्यांना हाताला धरून घरी आणायचो. तापात त्यांनी मला तुझ्या नावाने हाक मारली. आणि मी ओ दिली."

खलाशाची नजर समोर बसलेल्या शिंप्यावर गेली. एकट्याने पाठ करणं वेगळं आणि भावाच्या तोंडावर म्हणणं वेगळं. सोंग विसरून तो म्हणाला, "दादा, हे वाचेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं रे."

शिंप्याने तोंड उघडलं, पण धाकट्याजवळ शब्दच उरले नव्हते. दोन वाक्यं केव्हाच संपली होती. नऊ वर्षं कुठे होतास, घर का आठवलं नाही, हे लिहिणाऱ्याने कधी विचारलंच नाही, तर धाकटा बोलणार काय? मान खाली घालून बसलेल्या शिंप्याला स्वतःची फार लाज वाटली.

"तुझी पानं मी लिहिलीच नाहीत," तो हळूच म्हणाला. "तूच सांग. होडीचं काय झालं?"

"पहिल्याच वर्षी वादळात फुटली, दादा. होडीशिवाय बाबांना तोंड कसं दाखवू? नवी करीन आणि मग जाईन, असं म्हणत राबत राहिलो. नवी काही झाली नाही. बाबा मात्र गेले."

लोक माना उंचावून ऐकत होते. बाप झालेला म्हातारा तेवढा चुळबुळत होता, त्याचं वाक्य कधीचं राहून गेलं होतं. शेवटी न राहवून तो ओरडला, "अरे, मेजवानीचा भात गार होतोय! आत कुणी येणार आहे की नाही?"

शिंपी उठला. नाटकात थोरला बाहेरच राहायचा होता. शिंप्याने थोरला झालेल्या भावाचा हात धरला आणि दोघं वाकून त्या बांबूच्या दारातून आत गेले. तिथेही ते थांबले नाहीत. मागच्या बाजूने उतरून, आईला घेऊन, सरळ आपल्या घराकडे चालू लागले.

घरात शिरताच शिंप्याने टेप काढली आणि भावाच्या खांद्याला लावली.

"हे काय, दादा?"

"उद्या तुला नवा सदरा शिवतो. हात वर कर," शिंपी म्हणाला. "आणि माप घेईपर्यंत गप्प बसू नकोस. वादळापासून सांग."

तात्पर्य: ज्याला आपण दोन वाक्यांत निकालात काढतो, त्याच्याजवळही तीन पानं असतात, ती आधी त्याच्याच तोंडून ऐकावीत.