दाराशी लावलेली तगर

त्या राज्यात दारासमोर कोणतं झुडूप लावायचं, हे एकाच प्रश्नावर ठरत असे: याची पानं गळतात का? गळणाऱ्यांना मागच्या अंगणात जागा मिळे. जी बारा महिने हिरवी, त्यांना दाराशी. हा मान समजला जाई.

एका घरी हा मान तगरीला मिळाला होता. मालकीणबाईंनी रोपवाटिकेतली वीस रोपं पाहून तिला निवडलं होतं. तेव्हापासून तगर एक दिवसही ओकीबोकी दिसली नव्हती. तिचीही पानं पिकत, पण ती एकेक करून, आतल्या बाजूने, कुणाच्या नजरेस पडणार नाहीत अशी गळत. रोज सकाळी पूजेसाठी तिची फुलं खुडली जात. खुडणारे हात तिच्याकडे न बघताच खुडत; फांदी कुठे आहे हे त्यांना पाठ झालं होतं.

मागच्या अंगणात अंजीर होतं. थंडी आली की ते सगळी पानं टाकून देई आणि नुसत्या काड्या घेऊन उभं राही. मग घराला काळजी लागे. मालकीणबाई दिवसातून दोनदा मागे जात. माळीबुवा नखाने साल खरवडून बघत आणि सांगत, "आत हिरवं आहे. थांबू या." सगळे थांबत. पहिलं पान फुटलं की शेजारणी तगरीला ओलांडून थेट मागे जात.

"अगं बाई, फुटलं का तुमचं अंजीर?"

"फुटलं एकदाचं. जीव भांड्यात पडला."

हे तगरीला ऐकवत नसे.

"तुझं बरं आहे," एकदा ती घराच्या कोपऱ्याआडून अंजिराला म्हणाली. "तीन महिने हातपाय हलवायचे नाहीत, आणि एक पान काढलं की जत्रा. इथे मी रोज हजार पानं सांभाळते, त्याचं काय?"

"मी मुद्दाम नाही गं करत," अंजीर म्हणालं. "दर थंडीत वाटतं, या वेळी काही आपण परत येत नाही."

तगरीने त्यातलं परत येणं तेवढं ऐकलं. जी कधी जातच नाही, तिला कोण कशाला विचारेल, आलीस का म्हणून?

पुढच्या थंडीत तिने मुळं आवळून धरली. पाणी पायाशी येई आणि तसंच जिरून जाई. पानं पिवळी पडली, आणि एका आठवड्यात दारासमोर त्यांचा सडा पडला. वारा अंगातून आरपार जातो तेव्हा इतकं झोंबतं, हे तिला माहीत नव्हतं. तरी ती खूश होती. बारा वर्षांत पहिल्यांदाच मालकीणबाई तिच्यासमोर थांबल्या होत्या, तिला वरपासून खालपर्यंत निरखत होत्या. अजून आठ दिवस, तगरीने ठरवलं. मग एक पान दाखवायचं.

"खरवडून बघू का?" माळीबुवांनी अंगठा पुढे केला.

"कशाला?" मालकीणबाई म्हणाल्या. "गळणार नाही म्हणून तर हिला आणलं होतं. संध्याकाळी माणसं यायचीत घरी."

तगरीने घाईघाईने मुळं सैल सोडली. पण पाणी वर चढायला वेळ लागतो.

दुपारी बुंध्यावर कुदळ पडली, तेव्हा घावातून पांढराशुभ्र चीक भळाभळा वाहिला. माळीबुवांचा हात थबकला. त्यांनी वर पाहिलं. रोपवाटिकेतून आलेली दुसरी तगर, तेवढ्याच उंचीची, तेवढीच हिरवी, भिंतीला टेकवून ठेवलेली होती. त्यांनी पुन्हा कुदळ उचलली.

संध्याकाळी माणसं आली. त्यांतल्या एक शेजारीणबाई दाराशी जरा रेंगाळल्या.

"या तुमच्या झाडाचं मात्र कौतुक आहे हो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बघतेय, कधी बदललं म्हणून नाही."

बोलता बोलता त्यांनी चपला काढल्या त्या नव्या तगरीच्या बुंध्याशी, अजून ओल्या असलेल्या मातीवर.