चिंचोक्यांचा डाव

“हा रडीचा डाव आहे, आक्का!”

सुभानजीनं पाटावर हात आपटला. मातीचे दोन शिपाई आडवे झाले.

“सगळे कोळसे मारले मी. त्यांचं निशाण घेतलं. आणि तुम्ही म्हणता, हरलो?”

“हरलास.”

“कसा?”

नागूआक्कानं घंगाळाकडं बोट केलं. पाण्यावर सोडलेलं घटिकापात्र तळाशी जाऊन बसलं होतं. तांब्याची एवढीशी वाटी ती, बुडाला बारीक भोक. हळूहळू भरते आणि बुडते.

“मांडताना काय सांगितलं होतं?”

“पात्र बुडायच्या आत चिंचोके गडामागच्या कड्याखाली उतरले पाहिजेत.”

“किती उतरले?”

सुभानजीनं आडवे शिपाई उभे केले.

घोणसगडावरचा प्रत्येक पोरगा तलवार धरायच्या आधी आक्काच्या या पाटावर बसलेला. मातीचे शिपाई आपले, कोळशाचे तुकडे शत्रूचे, कवड्या पडतील तशी चाल, आणि ज्याचं निशाण पडलं तो हरला. आक्काला हे कुणी शिकवलं नव्हतं. बुरुजावर बसून तिनं लढाया बघितल्या होत्या, आणि कोण कुठं चुकलं ते घरी येऊन मातीत मांडलं होतं. गडावरच्या शहाण्यांना ते पटायला बराच काळ लागला. तिनं वाट बघितली नाही.

चिंचोके मात्र आज पहिल्यांदाच पाटावर आले होते. चिंचोके म्हणजे गडावरची बायकापोरं, म्हातारी माणसं. ते लढत नाहीत. एका वेळी एकच घर सरकतात. सुभानजीनं एकालाही बोट लावलं नव्हतं. सगळे मातीच्या किल्ल्यात होते तिथंच होते.

“शत्रूच उरला नाही, तर बसतील की निवांत!”

“पात्र बुडालं.”

“अहो, पण निशाण...”

“आज निशाणाचा डाव नाही, म्हणाले होते. तुझ्या कानात शिरलंच नाही. जन्मभर एकच डाव जिंकलास, आता दुसरा दिसतच नाही तुला.”

ठक... ठक... ठक...

आवाज जमिनीखालून येत होता. प्रत्येक ठोक्याला घंगाळातल्या पाण्यावर बारीक वलय उठत होतं. महादरवाज्याखाली शत्रू सुरुंग खणत होता. जुना किल्लेदार, सुभानजीचा चुलता, तोफगोळ्यानं गेला होता, आणि कालपासून गडाच्या किल्ल्या सुभानजीच्या कमरेला होत्या. पहाटे दरवाजा उघडून शत्रूवर तुटून पडायचं, असं त्यानं ठरवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्का एवढंच म्हणाली, आधी माझ्याशी एक डाव खेळ.

“खेळलो,” सुभानजी उठत म्हणाला. “आता जातो. माणसं तयार करायचीत.”

आक्कानं किल्ल्यातले चिंचोके मुठीत गोळा केले आणि शेगडीत टाकले.

तड्... तड्... तड्...

एकेक फुटत गेला.

बाहेर कोठाराच्या ओट्यावर बायका गाठोडी छातीशी धरून बसल्या होत्या. एक लेकरू पाणी मागत होतं. आई त्याला उगी उगी म्हणत होती. पाणी देत नव्हती.

“जिंकलास हो, किल्लेदार,” आक्का म्हणाली. “निशाण घेऊन जा.”

सुभानजी दारातच थांबला.

मग ते झालं.

ठक... ठक...

आणि काहीच नाही.

दोघांनी घंगाळाकडं बघितलं. पाणी आरशासारखं स्थिर झालं होतं.

“थांबलं,” सुभानजी म्हणाला.

“आता सुरुंगात दारू भरतील.”

“आक्का... पहाट नाही मिळायची आपल्याला.”

“नाही.”

तिनं मडक्यातून नवे चिंचोके काढले, पात्र पुन्हा पाण्यावर सोडलं.

“मांड.”

सवयीनं त्यानं आधी मातीचा नगारा उचलला. गडाची रीतच ती. फौज गडाबाहेर पडायची तर नगारा सोबत. त्यानं शिपाई कड्याच्या वाटेला लावले आणि शेजारी नगारा ठेवला.

आक्कानं सगळे कोळसे महादरवाज्यावरून ओढून कड्याखाली आणले.

“कवड्या न टाकता?”

“आवाज ऐकून यायला कवड्या कशाला लागतात?”

सुभानजीनं कोळशांवरून नगाऱ्याकडं बघितलं. मग त्यानं नगारा उचलून महादरवाज्यावर ठेवला. एकटाच. आक्कानं कोळसे परत दरवाज्यासमोर नेले.

कडा मोकळा झाला.

त्यानं एका शिपायाच्या पाठीवर चिंचोका ठेवला. तो घसरला. शिपायाच्या हातात नारळाच्या हिराची तलवार होती, तीच आड येत होती.

“काढ.”

“बिनहत्यारी उतरायचं? काळोखात, चोरासारखं? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? उरतील ते?”

त्यानं दात आवळले. एकेक हीर उपसला आणि बाजूला ठेवला. शिपायाच्या पाठीवर चिंचोका, त्याच्यामागं दुसरा, तिसरा. पात्र काठापर्यंत भरत आलं, तेव्हा शेवटचा चिंचोका कड्याखाली पोचला.

“जिंकलो?”

“नगारा कोण वाजवतंय?”

पाटावरचा नगारा एकटाच होता.

सुभानजीनं पिवळ्या पागोट्याचा शिपाई उचलला. लहानपणापासून तो त्याचाच. त्यानं तो नगाऱ्यापाशी रोवला आणि छाती काढून म्हणाला, “मी.”

“कड्याची वाट कुणाला ठाऊक आहे?”

मध काढायला त्या कड्यावरून दोर टाकून उतरणारा गडावर एकच होता.

“...मला.”

आक्कानं पिवळं पागोटं उपटून कड्याखाली नेऊन ठेवलं, सगळ्यांच्या पुढं.

“मरायचं म्हटलं की कसा उडी मारून पुढं होतोस! पाठ दाखवून जगायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.”

तिनं चिमटा घेतला. शेगडीच्या निखाऱ्यांत शोधलं. एक चिंचोका फुटला नव्हता, नुसताच काळा पडला होता. त्यातून धूर निघत होता.

तो तिनं नगाऱ्यापाशी ठेवला.

...

सुभानजीनं आधी चिंचोक्याकडं बघितलं. मग तिच्याकडं.

“नाही.”

आक्का उठली. खुंटीला अडकवलेल्या नगाऱ्याच्या काठ्या तिनं काढल्या. दिवेलागण होत आली होती. या वेळेला महादरवाज्यावर रोज नगारा वाजतो; शत्रूलाही तो ऐकायची सवय झाली होती.

तो दारात आडवा झाला.

“हे डावात बसत नाही, आक्का! सगळे चिंचोके उतरले पाहिजेत, तुम्हीच म्हणालात. सगळे! हासुद्धा चिंचोकाच आहे!”

“बाजूला हो.”

“नाही होणार. किल्लेदार मी आहे!”

घंगाळात गुडगुड झाली. पात्र बुडालं. पाणी पुन्हा स्थिर झालं... जमिनीखालून काहीच ऐकू येत नव्हतं.

त्याच्या लहानपणी करायची तसं आक्कानं त्याचं पागोटं सारखं केलं.

“नगारा वाजतोय तोवर दमानं उतरा. थांबला, की पळा.”