दिवटीच्या उगवतीचे दगड

माळावर एवढे दगड पडलेले असताना तुम्हा फिरायला येणाऱ्यांना मनोरे रचायला वेलींजवळचेच दगड का लागले? मी भेटेल त्याला विचारलं.

हा आमचा कातळमाळ. भादव्यात इथल्या फटींतून दिवटीची वेल फुलते. फूल उभ्या कंदिलासारखं, आतून जांभळं. वेल दर साली त्याच कंदातून उगवते, म्हणून चैत्रात अर्धाच कंद काढून खातात. पण शेजारी भुलवेलही येते. पान तसंच, कंद तसाच, आणि विषारी. ओळख फक्त फुलावरून. चैत्रात तर नुसती वाळकी काडी उरते. म्हणून दिवटी फुलली की तिच्या उगवतीला, म्हणजे पूर्वेच्या अंगाला, चपटा दगड ठेवायचा. दगड भावानं ठेवायचा, कंद बहिणीनं काढायचा.

असं सांगतात, फार पूर्वी दुष्काळ पडला. वेली ओळखणारी एकटी कोंडाई. लोक कंद मागायला लागले तेव्हा ती म्हणाली, "फूल येऊ द्या, मग सांगते."

"फूल बघायला जित्तं कोण राहणार?" पाटील म्हणाला. "एवढी जाणती हायेस, तर तूच चाखून सांग की बाई!"

लोक हसले म्हणे. कोंडाई एकेक कंद चाखत गेली. अकरा चांगले निघाले, त्यांवर गाव जगलं. बाराव्यानं तिची जीभ जड झाली. धाकट्या भावाला म्हणाली, "म्हाळ्या, फूल डोळ्यांनी बघशील तिथंच दगड ठेव. पुन्हा कुणाला चाखायला लावू नका."

भादव्यात म्हाळूनं माळभर दगड मांडले. तेव्हापासून भावाचा दगड बहीण तपासत नाही. तो भावाचा अपमान होतो.

कोंडाईनं स्वखुशीनं जीव दिला, असं म्हातारे सांगतात. खोटं आहे. तिला हसत हसत पुढं ढकललं.

आणि माझी पारूअक्का? मी तिच्यासाठी नऊ दगड ठेवले होते. थंडीत फिरायला पाहुणे आले, दगडांचे मनोरे रचले, फोटो काढले. जाताना कुणा शहाण्यानं ते मोडून दगड दिसेल त्या वेलीपाशी टाकले. हे मला मागाहून कळलं. चैत्रात अक्का माहेरी आली. भावजयीला म्हणाली, "माझ्या भावाचं दगड हायेत, डोळं मिटून काढीन." कंद काढून खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली.

"देवीनं नेली रं पोरा," सरपंच म्हणाले.

देवीनं नाही नेली! देवी फोटो काढायला येत नाही.

आजही भादव्यात भाऊ या माळावर दगड ठेवतात. यंदा मीही गेलो. दिवटीचं पहिलं फूल डोळ्यांनी बघितलं. मग बैलजोडी लावून ओढ्यातली धोंड वर ओढून आणली, चौघांनाही हलणार नाही अशी, आणि अक्काच्या नावानं त्या वेलीच्या उगवतीला बसवली.