चौथा पाय

लई वर्षं झाली, एका कॉम्प्युटरच्या डब्यात बिस्किटाएवढा प्रोसेसर राहायचा. सगळा विचार त्यानंच करायचा, आणि विचार केला की तापायचा. म्हणून त्याच्या उरावर थंडाव्याला वजनदार पंखा बसवलेला. धरायला मात्र खालच्या पाटीच्या भोकांत खोवलेले प्लास्टिकचे चार पाय. घडवणाऱ्याची अक्कल बघा! डबा टेबलावर आडवा ठेवून तपासला. घरात तो उभा राहतो, हे त्याच्या ध्यानातच नाही.

डबा उभा केला आणि चौथा पाय भोकातून अर्धा निसटला. पंखा एका कडेनं उचलला गेला.

"भाजलो रे! कोण सुटलंय?" प्रोसेसर ओरडला.

"गप बस चौथ्या," बाकीचे तिघे कुजबुजले. "बोललास तर फेकून देतील."

पंखा घोंघावून दमला. डबा बंद पडला. दुरुस्तीवाल्या शेवंताबाईंनी तो आडवा पाडून उघडला, तसा पंखा स्वतःच्या वजनानं नीट टेकला. "सगळं बसलेलंच दिसतंय," म्हणत त्यांनी परत लावायला झाकण उचललं.

"पुन्हा उभं केलं की मी मेलो," प्रोसेसर पुटपुटला.

चौथ्या पायानं जीव एकवटला आणि बाईंच्या डोळ्यांदेखत तो भोकातून पार बाहेर उडाला.

"असं होय!" बाई म्हणाल्या. "एवढं धूड प्लास्टिकवर टांगलं कुणी?" त्यांनी चारही पाय उपटले, मागून लोखंडी पट्टी दिली आणि स्क्रू आवळले.

कचऱ्याच्या टोपलीत तिघे चौथ्यावर खेकसले, "तुझ्यापायी आम्हीपण गेलो!"

चौथ्यानं वर कान लावला. वर टेबलावर डबा उभा होता, आणि पंख्याचा आवाज अगदी सावकाश येत होता.